बंदीची यादी आणि पाळीचे पाच दिवस

तिने पर्समधून चार घड्यांचा कागद काढला आणि माझ्या टेबलावर उलगडला. घड्यांवर तो विरायला आला होता. वर एकच शब्द, 'बंद', आणि खाली एकाखाली एक खाण्याचे पदार्थ. मी मोजले. सव्वीस होते. काही निळ्या शाईत, काही काळ्या, शेवटचे तीन पेन्सिलने. म्हणजे यादी एका बैठकीत झालेली नव्हती. दर वेळी डोकं उठलं की त्यात भर पडत गेली होती.

"अजून काय बंद करू ते सांगा, मॅडम," ती म्हणाली.

आहार समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. पाळीच्या आसपास अर्धशिशी उठते, डॉक्टरांनी मायग्रेन सांगितलंय, आता काय खाऊ आणि काय सोडू? त्याचं उत्तर तिच्या निमित्ताने मांडते. ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील बदलले आहेत आणि तिने लिहायला आनंदाने परवानगी दिली आहे.

वय ३८, काम हिशेबांचं, दिवसभर स्क्रीनसमोर. डोकेदुखी विशीपासूनची. एका बाजूला ठणका, मळमळ, उजेड नकोसा, जिना चढला तरी दुखणं वाढणार. दोन्ही गरोदरपणांत पहिले तीन महिने सोडले तर ती जवळजवळ नाहीशी झाली होती. "ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात हलके महिने होते," असं ती म्हणाली तेव्हा मी हातातलं पेन खाली ठेवलं. गरोदरपणात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची पातळी चढती राहते, त्यात दर महिन्याचा उतार नसतो. तिच्या दुखण्याचं मूळ कुठे शोधायचं हे त्या एका वाक्यात होतं, आणि ते त्या कागदावर नव्हतं.

मी तिला रजेच्या तारखा विचारल्या. हिशेबातली बाई, ऑफिसच्या रजा आणि मोबाइलमधल्या पाळीच्या तारखा पाच मिनिटांत शेजारी मांडल्या. मागच्या आठ महिन्यांतल्या सात महिन्यांत रजा पडली होती ती पाळीच्या आदल्या दोन दिवसांत किंवा पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पाळीच्या मायग्रेनची व्याख्या याच पाच दिवसांवर उभी आहे: तीनपैकी किमान दोन पाळ्यांत झटका या पाच दिवसांत यायला हवा. तिला महिन्यात इतर दिवशीही झटके यायचे, पण या पाच दिवसांतला झटका वेगळाच असायचा. जास्त लांबणारा, गोळीला न जुमानणारा, उतरला म्हणता म्हणता परत उठणारा. तज्ज्ञ याचं वर्णन असंच करतात.

पाळी जवळ आली की रक्तातलं इस्ट्रोजेन झपाट्याने खाली येतं. १९७२ मध्ये सोमरव्हिल या संशोधकाने हे फार साध्या रीतीने दाखवलं. काही स्त्रियांना पाळीआधी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दिलं, तर पाळी वेळेवर आली पण डोकेदुखी पुढे ढकलली गेली. प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-हार्मोन दिलं, तर पाळी लांबली आणि डोकेदुखी मात्र आपल्या वेळेला आली. त्यातच पाळी सुरू होताना गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. पोटात कळा येतात त्या त्यांच्यामुळे, आणि डोक्याच्या दुखण्यातही त्यांचा हात असतो.

म्हणून मी तिला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं की इस्ट्रोजेनचा हा उतार कुठल्याही आहाराने थांबत नाही. 'हार्मोन संतुलित करणारा आहार' म्हणून जे काही सांगितलं जातं त्यावर माझा विश्वास नाही. अशा बहुतेक स्त्रियांचे हार्मोनचे रिपोर्ट मुळात नॉर्मलच असतात. उतार सगळ्यांनाच येतो; मायग्रेनचा मेंदू तो बदल सोसत नाही, एवढाच फरक. मग आहाराने साधतं काय? त्या पाच दिवसांत त्याच मेंदूवर आणखी काय काय लादलं जातंय ते ओळखायचं आणि जमेल तेवढं उतरवायचं. उपाशी पोट, तुटलेली झोप, चहा-कॉफीचे चढउतार, कमी पाणी. एकेकटी यातली गोष्ट महिन्याच्या मध्यावर निभावून जाते. उताराच्या दिवशी निभत नाही.

तिचा चेहरा पडला. ती सत्ताविसावा पदार्थ विचारायला आली होती.

पुढच्या दोन पाळ्या होईपर्यंत मी तिला फक्त एक वही सांभाळायला लावली. रकाने मोजकेच: पाळीचा कितवा दिवस, झोपायची-उठायची वेळ, पहिला घास किती वाजता, कॉफी किती कप, डोकं, गोळ्या. काय खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं यावर माझं लक्ष होतं, आणि वहीने पहिल्या आठवड्यातच ते दाखवलं. रात्रीचं जेवण साडेआठला. दुसऱ्या दिवशीचा पहिला घास साडेबाराला. सोळा तास! कारण विचारलं तर म्हणाली, "सकाळी खाण्यासारखं जे जे होतं ते सगळं यादीत गेलं ना." डोकेदुखीच्या भीतीने पदार्थ सुटले, पदार्थ सुटल्याने जेवणं सुटली, आणि उपास हा स्वतःच मायग्रेन उठवणाऱ्या सगळ्यात ठळक कारणांपैकी एक. हे मी इतक्या जणींमध्ये पाहिलं आहे की आता कुणी लांबलचक बंदीची यादी आणली की मला आधी तिच्या उपाशी तासांची काळजी वाटते.

यादीत सगळ्यात वर चॉकलेट होतं, दोनदा अधोरेखित केलेलं. "हे तर नक्की आहे, खाल्लं की दुसऱ्या दिवशी डोकं धरतं." वही मात्र वेगळं सांगत होती. झटक्याच्या आदल्या दिवशी 'गोड खावंसं वाटलं' अशी नोंद होती, आणि त्याच दिवशी समासात बारीक अक्षरात 'जांभया', 'मान आखडली', 'मुलांवर उगाच ओरडले'. मायग्रेनचा झटका दुखण्यापासून सुरू होत नाही. काही तास, कधी एक-दोन दिवस आधीच मेंदूत त्याची सुरुवात झालेली असते, आणि जांभया, आखडलेली मान, चिडचिड, गोडाची ओढ ही त्याची पूर्वलक्षणं असतात. चॉकलेट खाल्लं म्हणून झटका आला असं तिला वाटत होतं. खरं तर झटका सुरू झाला होता म्हणून चॉकलेट खावंसं वाटलं होतं. हे समजल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. सहा वर्षं तिने स्वतःला या एका गोष्टीसाठी बोल लावला होता.

कॉफीचा हिशेब वेगळा निघाला. कामाच्या दिवशी चार-पाच कप, सुट्टीच्या दिवशी एक. दिवसाला २०० मिलिग्रॅमहून जास्त कॅफीन नेमाने घेणाऱ्याने ते एकदम तोडलं तर चोवीस तासांच्या आत डोकं दुखू शकतं. तिची सुट्टीतली डोकेदुखी 'आठवड्याचा शीण' म्हणून खपून गेली होती. आम्ही कॉफी बंद केली नाही. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करत दोन कपांवर आणली, वेळा ठरवल्या, सुट्टीतही त्याच. ही काटछाट पाळी संपल्यावर सुरू केली, म्हणजे ते पाच दिवस यायच्या आत शरीर सरावलं.

खाण्याचं बाकी काम मोठं नव्हतं. उठल्यापासून तासाभरात काहीतरी पोटात, तेही नुसतं गोड नाही, सोबत प्रथिनं हवीत. मग दर तीन-चार तासांनी थोडं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात झोपण्यापूर्वी हलकंसं खाणं, म्हणजे रात्रीचा उपास लांबत नाही. मॅग्नेशियमसाठी हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं, दाणे आणि बिया, अख्खी धान्यं. गोळीच्या रूपातल्या मॅग्नेशियमवर १९९१ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता. वीस स्त्रियांना पाळीच्या चक्राच्या पंधराव्या दिवसापासून पाळी येईपर्यंत रोज ३६० मिलिग्रॅम किंवा नुसती खोटी गोळी दिली होती, आणि मॅग्नेशियम घेणाऱ्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाले. वीस म्हणजे फारच थोड्या, त्यामुळे मी ते रामबाण म्हणून सांगत नाही. करून पाहण्याजोगं आहे, डॉक्टरांना विचारून. जुलाब होऊ शकतात, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर स्वतःच्या मनाने घ्यायचंच नाही. माशांत असणाऱ्या ओमेगा-३ मेदाम्लांबद्दल मी जास्त आशेने बोलते. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत १८२ जण तीन गटांत होते. दोन गटांनी सोळा आठवडे मासे वाढवले, त्यांतल्या एका गटाने लिनोलिक आम्ल (एक ओमेगा-६ मेदाम्ल) असलेली तेलंही कमी केली. मासे वाढवणाऱ्या दोन्ही गटांचे डोकेदुखीचे तास घटले, आणि तेलं कमी करणाऱ्यांचे दुखण्याचे दिवस सगळ्यात जास्त घटले.

व्यायामाला तिचा नकार होता, कारण दुखताना हलवत नाही. पण दुखत नसतानाच्या दिवसांचं काय? स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं व्यायाम करणारे, शिथिलीकरण शिकणारे आणि टोपिरामेट हे प्रतिबंधक औषध घेणारे, या तिन्ही गटांचे झटके सारख्याच प्रमाणात कमी झाले. तिने भरभर चालणं निवडलं. पाळीच्या पाच दिवसांत सक्ती नाही, बाकी दिवसांत सूट नाही, असं आमचं ठरलं.

पहिल्या दोन पाळ्या सोप्या गेल्या. तिसरीत तिला इतका जबर झटका आला की दोन दिवस ती अंधाऱ्या खोलीतून उठली नाही. त्यानंतर आली ती रडतच. "सगळं वेळेवर खाल्लं होतं. झोपले होते. मी कुठे चुकले?"

तिथे माझी चूक माझ्या लक्षात आली. प्रत्येक झटक्यानंतर मी तिला आधी विचारत होते, त्या दिवशी काय खाल्लं होतं? कितीही मायेने विचारला तरी त्या प्रश्नात आरोप असतो. मी तिच्याकडून सव्वीस पदार्थांची यादी काढून घेतली होती आणि तिच्या हातात दुसरी यादी ठेवली होती, नियम पाळले की नाही याची. मी तिला तेवढ्याच शब्दांत सांगितलं. काही महिन्यांत उतार जास्त तीव्र असतो, सगळं नीट करूनही झटका येतो, आणि तो कुणाच्याही वागण्याची शिक्षा नसतो. तेव्हापासून मी हा प्रश्न पहिला विचारणं सोडलं आहे, तिलाच नाही, कुणालाही.

त्याच दिवशी आम्ही गोळ्यांचा रकाना नीट पाहिला. कॅफीन मिसळलेली संयुक्त वेदनाशामक गोळी, महिन्यात बारा दिवस. तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस अशा संयुक्त गोळ्या वा ट्रिप्टान (मायग्रेनचा झटका थांबवणारी खास औषधं) घेतले, किंवा साधी वेदनाशामकं पंधरा किंवा जास्त दिवस घेतली, तर औषधच डोकेदुखी टिकवून धरू शकतं. हा रकाना मी पहिल्या महिन्यातच वाचायला हवा होता. मी तिला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. पाळी नियमित असल्याने त्यांनी पाळीच्या आसपासच्या मोजक्या दिवसांपुरतं प्रतिबंधक औषध दिलं, जुनी गोळी थांबवली, आणि रक्तस्राव जास्त होता म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) तपासायला सांगितलं. लोह कमी निघालं. कॉफी जेवणासोबत घ्यायची नाही, हा बदल त्यातून आला, कारण कॉफीने लोहाचं शोषण कमी होतं.

औषध घ्यावं लागलं म्हणजे आहार हरला, असं तिला आठवडाभर वाटत राहिलं. मला तसं वाटत नाही, आणि 'नैसर्गिक उपायच हवेत' म्हणून दुखणं सोसत बसणाऱ्या बायका पाहिल्या की मला वाईट वाटतं.

काही जणींनी तर आहाराचा विचार करण्याआधीच डॉक्टरांना भेटायला हवं. क्षणात परमोच्च टोकाला जाणारी डोकेदुखी, हात-पाय लुळे पडणं, बोबडी वळणं, ताप आणि ताठ मान, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, किंवा जुन्या दुखण्याची चाल अचानक बदलणं. आणि डोकं उठण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा, आंधळे ठिपके दिसत असतील, तर त्याला ऑरा म्हणतात. अशा स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो. गोळी सुरू असेल तर हे आजच डॉक्टरांना सांगा.

यादीतले पदार्थ आम्ही एकेक करून परत आणले, नेहमी त्या पाच दिवसांच्या बाहेर, एका वेळी एकच, आणि प्रत्येकाला तीनदा संधी. सव्वीसांपैकी दोन उरले. लाल वाइन, आणि पाकिटातलं एक खारं खाणं, ज्याने तिन्ही वेळा काही तासांत डोकं उठलं. सहा महिन्यांनी तिचे दुखण्याचे दिवस महिन्याला नऊवरून चारवर आले होते. पाळीतला झटका अजूनही येतो, पण तीन दिवसांचा आता बहुधा एका दिवसात आवरतो.

परवा ती नवीन काळजी घेऊन आली. वय ३९ झालंय, आणि पाळी कधी चोवीस दिवसांनी येते, कधी तेहतीस. तारीखच कळेना, तर ते पाच दिवस ओळखायचे कसे? तिची काळजी खरी आहे. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन जास्त हेलकावे खातं आणि मायग्रेन बऱ्याच जणींचं वाढतं; पाळी पूर्ण गेल्यावर बहुतेकींचं निवतं. तारखांवर बांधलेलं औषध आता चालणार का, हे तिने डॉक्टरांना विचारायचं आहे. मी तिला तिची जुनी वही काढायला सांगितली, समासातल्या बारीक अक्षरांसाठी.

तिने ती आणलीच होती. शेवटच्या पानावर कालची नोंद होती: 'तारीख नाही. जांभया. मान. चॉकलेट हवंय. लगेच जेवले, चॉकलेटही खाल्लं. दहाला झोपले.'