वय वाढले की माणूस खरोखर अधिक धार्मिक होतो का?

देवळात संध्याकाळी हरिपाठाला बसलेले बहुतेक लोक साठीपुढचे दिसतात, तेव्हा वयाबरोबर श्रद्धा वाढते असे मानावे, की आजची तरुण पिढीच देवापासून दुरावते आहे असे समजावे, असा आपला प्रश्न आहे. या दोन्ही शक्यता अगदी वेगळ्या आहेत आणि नुसते आजचे देऊळ पाहून त्यांतली खरी कोणती हे ठरवता येत नाही. आज सत्तरीत असलेला माणूस विशीत कसा होता हे ठाऊक नसेल, तर तो वयामुळे बदलला की मुळातच वेगळ्या काळात घडला, हे सांगणार कसे?

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत १०६ पैकी ४६ देशांत, धर्माला अतिशय महत्त्वाचे मानणाऱ्यांचे प्रमाण चाळिशीच्या आतील लोकांमध्ये कमी आढळले. उलट चित्र केवळ जॉर्जिया आणि घाना येथे होते. ब्रिटनमधील अनेक दशकांची माहिती तपासणाऱ्या अभ्यासकांना मात्र असे दिसले की, माणसे वय वाढताना फारशी बदलली नाहीत. प्रत्येक नवी पिढी आईवडिलांपेक्षा कमी धार्मिक निघाली, इतकेच. भारतात याच संस्थेने २०१९-२० मध्ये सुमारे तीस हजार प्रौढांची पाहणी केली, तेव्हा ८४ टक्के लोकांनी धर्म आपल्या आयुष्यात अतिशय महत्त्वाचा असल्याचे सांगितले आणि तरुण व वयस्क यांच्यात फारसे अंतर आढळले नाही.

मग देवळातले ते दृश्य कशामुळे? माझ्या मते आपल्याकडे वयाबरोबर श्रद्धेपेक्षा सवड आणि मुभा अधिक बदलते, आणि हे बायकांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. नव्या सुनेच्या वाट्याला मंगळागौर, वटपौर्णिमा, हळदीकुंकू अशी घराशी आणि सौभाग्याशी बांधलेली व्रते येतात. पाळीच्या दिवसांत देवघरापासून दूर राहावे लागते, सोवळ्याच्या स्वयंपाकात हात लावता येत नाही, आणि पंढरीची वाट चालायची म्हटले तर मागे मुलांचे, गुरांचे, सासूसासऱ्यांचे कोण करणार हा प्रश्न असतो. पाळी थांबते, घरात सून येते, आणि मग तीच बाई डोक्यावर तुळस घेऊन आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाते. तिची भक्ती पन्नाशीनंतर उपजली असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ती आधीपासूनच होती, बाहेर पडायला वाट नव्हती.

उतारवयात याच्या उलटही घडते. माझ्या आजीचे एकादशीचे उपवास मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर डॉक्टरांनी बंद केले, आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यावर तिचे देऊळही सुटले. पाहणी करणाऱ्याने ‘देवळात किती वेळा जाता?’ एवढेच विचारले असते, तर तिची नोंद कमी धार्मिक अशी झाली असती. प्रत्यक्षात पहाटे अंथरुणात बसल्या बसल्या चालणारा तिचा जप पूर्वीपेक्षा लांबला होता. म्हणून सहभाग आणि विश्वास वेगवेगळे मोजायला हवेत, असे मी आग्रहाने म्हणेन.

तरुणांचेही तेच. हरिपाठाला न दिसणारी मुले गणेशोत्सवात महिनाभर आधीपासून ढोलपथकाचा सराव करतात, रात्र रात्र मांडवात राबतात. त्यामागे भक्ती किती आणि सोबतीची ओढ किती हे बाहेरून सांगता येणार नाही, पण त्यांना धर्मापासून दूर गेलेले म्हणता येत नाही. शिवाय भक्ती हे म्हातारपणाचे काम आहे, हे मत वारकरी परंपरेत बसतच नाही. परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते.

तेव्हा आपल्या ओळखीतल्या वयस्क मंडळींना श्रद्धा वाढली का असे विचारण्याऐवजी, तिशीत असताना कोणते व्रत पाळत होता, कोणते सुटले आणि कशामुळे, असे विचारावे. सुटण्याची आणि पुन्हा धरण्याची कारणे ऐकली, की वयाचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती हे बऱ्याच अंशी उलगडते.