पात्रता फेरीचे गणित आणि जन्मतारखेचा प्रश्न

वाचकांचे प्रश्न : क्रीडा

नोव्हेंबर २०२५मध्ये अहमदाबादच्या कांकरिया भागातील मैदानावर १७ वर्षांखालील आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेच्या पात्रता फेरीतील एका गटाचे सामने झाले. बडोद्याहून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल इतक्या अंतरावर आंतरराष्ट्रीय फुटबॉल आल्यामुळे आपल्या मराठी मंडळींपैकी अनेक जण ते पाहायला गेले होते, आणि त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत फुटबॉलविषयीची पत्रे नेहमीपेक्षा पुष्कळ आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी आणि माझा नातू ३० नोव्हेंबरचा भारत-इराण सामना पाहायला गेलो होतो. सामना भारताने जिंकला आणि संघ सौदी अरेबियातील मुख्य स्पर्धेसाठी पात्र ठरला, याचा आनंद झालाच. परंतु लेबनॉनकडून हरलेला आणि पॅलेस्टाईनशी बरोबरीत अडकलेला संघ गटात पहिला कसा आला, हे मला नातवाला नीट समजावून सांगता आले नाही. त्याच्या आदल्या वर्षी तर ब्रुनेईवर १३ गोल करूनही आपण बाहेर पडलो होतो. हे गणित नेमके काय आहे?
(एक आजोबा, दांडिया बाजार)

उत्तर : आधी या वेळची रचना पाहू. मुख्य स्पर्धेत १६ संघ खेळतात. त्यांपैकी ९ जागा २०२५च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेल्या आशियाई संघांना थेट मिळाल्या होत्या. उरलेल्या ७ जागांसाठी पात्रता फेरीचे ७ गट पाडण्यात आले आणि प्रत्येक गटातून फक्त विजेत्याला प्रवेश मिळणार होता. आपल्या गटात इराण, लेबनॉन, पॅलेस्टाईन, चायनीज तैपेई आणि भारत असे पाच संघ होते, म्हणजे प्रत्येकाला चार सामने. विजयाला ३ गुण, बरोबरीला १ आणि पराभवाला शून्य. भारताने पॅलेस्टाईनशी १-१ अशी बरोबरी केली, चायनीज तैपेईला ३-१ असे हरवले, लेबनॉनकडून ०-२ अशी हार पत्करली आणि शेवटी इराणला २-१ असे नमवले. एकूण गुण झाले ७. पाच संघांच्या साखळीत संघ एकमेकांचे गुण कापत असतात. त्यामुळे एकही सामना न हरणारा संघच पहिला येतो असे नाही, आणि एका पराभवाने सारे संपते असेही नाही.

आता गुण समान झाले तर काय, हा मुद्दा. आशियाई फुटबॉल महासंघाच्या वयोगट स्पर्धांमध्ये अशा वेळी सर्वप्रथम त्या समान गुणांच्या संघांमधील आपसातला सामना पाहिला जातो. त्यातूनही निकाल लागला नाही, तरच संपूर्ण गटातील गोलफरकाचा विचार होतो. याचा अर्थ असा की, गटातील दुबळ्या संघावर केलेल्या गोलांच्या राशीपेक्षा तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यावर मिळवलेला एका गोलाचा विजय अधिक मोलाचा असतो. इराणविरुद्ध आपण आधी पिछाडीवर होतो, मध्यंतरापूर्वी पेनल्टीवर बरोबरी साधली आणि दुसऱ्या सत्राच्या आरंभी विजयी गोल केला. त्या दुसऱ्या गोलाने भारताच्या खात्यात तीन गुण आलेच, शिवाय गटातील सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा आपसातला निकालही आपल्या बाजूने लागला. हा नियम मला व्यक्तिशः न्याय्य वाटतो, कारण ज्यांच्याशी स्पर्धा आहे त्यांना हरवले की नाही, हाच प्रश्न तो विचारतो.

२०२४ची पात्रता फेरी थायलंडमध्ये झाली होती. तेव्हा भारताने ब्रुनेईचा १३-० असा पराभव केला, तुर्कमेनिस्तानला १-० असे हरवले, पण यजमान थायलंडकडून २-३ अशी हार झाली. त्या वेळच्या नियमांनुसार गटविजेत्यांबरोबर दुसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी सरस ठरणाऱ्या काही संघांनाही प्रवेश होता. अशा उपविजेत्यांची तुलना करताना आधी गुण मोजले जातात आणि गोलफरक त्यानंतर येतो. भारताला त्या यादीत स्थान मिळाले नाही. याच्या उलट २०२२मध्ये सौदी अरेबियाकडून १-२ असे हरूनही आपण उपविजेते म्हणून पात्र ठरलो होतो, कारण तेव्हाचे बाकीचे सगळे सामने आपण जिंकले होते. नातवाला हे तीन दाखले एकाखाली एक लिहून दाखवा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला नियमांची भाषा कदाचित जड जाईल, परंतु गुणतक्ता स्वतःच्या हाताने मांडला की ही गोष्ट त्याच्या लगेच लक्षात येते.

प्रश्न : गटातील शेवटचे सामने एकाच वेळी का ठेवतात? प्रेक्षकांना दोन्ही पाहता येत नाहीत.
(एक वाचक, रावपुरा)

उत्तर : प्रेक्षकांची ही गैरसोय जाणूनबुजून स्वीकारलेली आहे. १९८२च्या विश्वचषकात स्पेनमधील खिखोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्यातील सामना गटातील इतर सर्व सामने संपल्यानंतर झाला. जर्मनीने १-०ने जिंकल्यास दोन्ही संघ पुढे जातील आणि अल्जीरिया बाहेर पडेल, हे मैदानावरील प्रत्येकाला ठाऊक होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे फिरवत काढला. त्यानंतरच्या, १९८६च्या विश्वचषकापासून गटातील अखेरचे सामने एकाच वेळी सुरू करण्याची पद्धत रूढ झाली. पाच संघांच्या गटात मात्र ही अडचण पुरती सुटत नाही, कारण प्रत्येक फेरीत एका संघाला विश्रांती असते. ज्याची विश्रांती शेवटच्या दिवशी येते, त्याला बाहेर बसून आपले भवितव्य पाहावे लागते.

प्रश्न : माझ्या मुलाचा जन्म २८ डिसेंबर २००८चा आहे. तो चांगला खेळतो, पण १७ वर्षांखालील गटाची सध्याची मर्यादा त्याला अवघ्या चार दिवसांनी हुकते असे कळले. ओळखीच्या एका गृहस्थांनी सुचवले की, ‘कागदावर महिनाभर इकडेतिकडे करून घ्या, सगळेच करतात.’ माझे मन तयार होत नाही. परंतु मुलाचे नुकसान होत आहे का, ही रुखरुखही आहे. वयाची तपासणी खरोखर होते का?
(एक पालक, मांजलपूर)

उत्तर : आपले मन तयार होत नाही, हे फार चांगले आहे, आणि ते तसेच राहू द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रथम मर्यादेविषयी. २०२६च्या १७ वर्षांखालील स्पर्धांसाठी १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू पात्र आहेत. वर्षारंभाची ही रेघ कुठेतरी ओढावीच लागते आणि ती जिथे ओढली जाईल तिथे कोणीतरी थोडक्यात बाहेर राहणारच. खुद्द मर्यादेच्या आतही समानता नसते. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकत्र खेळतात, तेव्हा त्यांच्यात जवळजवळ वर्षाचे अंतर असते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी एका वर्षाने उंची, वजन आणि धाव यांत केवढा फरक पडतो, हे कोणत्याही शाळेच्या मैदानावर दिसते. म्हणूनच जगभरातील वयोगट संघांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांची संख्या जास्त आढळते. निवड करणारे प्रशिक्षक पुष्कळदा कौशल्य समजून वाढीलाच गुण देत असतात.

आता तपासणीविषयी. आपल्याकडे जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तर सोयीने १ जून ही जन्मतारीख मांडत आणि घरातील तीन-तीन भावंडांचे वाढदिवस त्याच दिवशी येत. कागदांवर सर्वस्वी विसंबता येत नाही, ही अडचण अनेक देशांत आहे. म्हणून फिफाने २००९मध्ये नायजेरियात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाच्या एमआरआय तपासणीचा अवलंब केला. अंगठ्याच्या बाजूच्या लांब हाडाच्या मनगटाकडील टोकाशी वाढीचा एक पट्टा असतो. हाड वाढत असेपर्यंत तो चित्रात आडव्या रेघेसारखा दिसतो, आणि वाढ पूर्ण झाली की तो भरून जाऊन हाड एकसंध होते. पट्टा पूर्णपणे भरलेला असेल, तर तो मुलगा जवळजवळ निश्चितपणे सतरा वर्षांच्या पुढचा आहे असे मानून त्याला संघाबाहेर ठेवले जाते. या तपासणीत क्षकिरणांचा वापर नसल्यामुळे तिचा अपाय होत नाही. मुलाला काही मिनिटे हात स्थिर ठेवावा लागतो, इतकेच. भारतातील वयोगट लीगमध्ये हाताच्या आणि मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवण्याची पद्धत वापरली जाते. या चाचण्या जन्मतारीख सांगत नाहीत, केवळ वाढीची अवस्था सांगतात, आणि एखाद्या खऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची हाडे लवकर जुळल्यामुळे त्याच्यावर अन्याय होऊ शकतो, हेही सांगितले पाहिजे.

तपासणीतून सुटलेल्या मुलाचेही नुकसान टळत नाही, आणि मला अधिक चिंता त्याचीच वाटते. आपल्यापेक्षा लहान मुलांत खेळणारा मुलगा धक्का देऊन चेंडू मिळवतो, लांब पळून गोल करतो, त्याचे कौतुक होते. डोके वर करून साथीदार कुठे आहे हे पाहण्याची, चेंडू पायात येण्यापूर्वीच पुढची हालचाल ठरवण्याची गरज त्याला पडतच नाही. अठराव्या वर्षी सगळे शरीराने सारखे झाले की त्याच्याजवळ काही उरत नाही, आणि शिकण्याची वर्षे तर निघून गेलेली असतात. शिवाय जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि पारपत्र यांत एकदा खोट शिरली की ती मुलाला पुढे नोकरीपर्यंत छळते, आणि अपात्र खेळाडू उतरवल्याचे सिद्ध झाले तर सामना प्रतिस्पर्ध्याला ३-० असा बहाल होऊन बाकीच्या मुलांची मेहनतही वाया जाते.

आपल्या मुलासाठी २० वर्षांखालील गट अजून खुला आहे. मोठ्या मुलांबरोबर खेळण्याची त्याला आताच सवय लागली, तर ती त्याच्या कामी येईल.

प्रश्न : मुलींच्या संघाविषयी कुठेच वाचायला मिळत नाही. त्यांच्यासाठीही अशी पात्रता फेरी असते का?
(एक शिक्षिका, कारेलीबाग)

उत्तर : असते, आणि २०२५ हे वर्ष मुलींनी गाजवले. ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील संघाने यांगूनमध्ये यजमान म्यानमारला १-० असे हरवून आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळवला. ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील संघाने बिश्केक येथे किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान या दोन्ही संघांना २-१ अशा फरकाने नमवले आणि चीनमधील २०२६च्या मुख्य स्पर्धेत स्थान मिळवले. २०२२मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात आपला संघ यजमान म्हणून खेळला आणि तीनही सामने एकही गोल न करता हरला. त्या पार्श्वभूमीवर हे यश फार मोठे आहे, आणि वृत्तपत्रांनी त्याला दिलेली जागा फार थोडी होती, ही आपली तक्रार रास्त आहे. एक तपशील आपल्या विद्यार्थिनींना सांगण्याजोगा : मुलींच्या हाडांची वाढ लवकर पूर्ण होत असल्यामुळे मनगटाच्या एमआरआयचा निकष त्यांना लावला जात नाही.

प्रश्न : बडोद्याच्या मुलाला त्या संघापर्यंत पोहोचण्याचा रस्ता कोणता? आणि हा संघ आता विश्वचषकात खेळणार का?
(एक वाचक, अलकापुरी)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अजून नाही. सौदी अरेबियात सोळा संघांचे चार गट असतील आणि उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या आठ संघांना कतारमधील विश्वचषकाचे दार उघडेल. भारत २०१७मध्ये यजमान म्हणून या विश्वचषकात खेळला, परंतु पात्रतेच्या बळावर आजवर एकदाही पोहोचलेला नाही. २०१८मध्ये मलेशियातील स्पर्धेत तो फक्त एका विजयाच्या अंतरावर होता आणि उपांत्यपूर्व सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-१ असा हरला. त्या संघाचे प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस हेच अहमदाबादेतही संघाबरोबर होते.

रस्त्याविषयी बोलायचे तर, मुलाची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय प्रणालीत एखाद्या मान्यताप्राप्त क्लब किंवा अकादमीमार्फत झालेली असली पाहिजे. तिथून जिल्हा, मग गुजरातचा राज्य संघ आणि डॉ. बी. सी. रॉय चषकासारखी राष्ट्रीय स्पर्धा हा एक मार्ग. शाळेच्या संघातून १९६०पासून चालत आलेल्या सुब्रतो चषकापर्यंत जाणे हा दुसरा. महासंघाच्या वयोगट लीगमध्ये खेळणाऱ्या अकादमीत दाखल होणे हा तिसरा, आणि निवड समितीची नजर आज सर्वाधिक तिथेच असते. मणिपूर आणि मिझोरमची मुले राष्ट्रीय संघात मोठ्या संख्येने दिसतात, कारण त्यांना लहानपणापासून पुष्कळ खेळायला मिळते. माणिकरावांच्या आखाड्यापासून बडोद्यात शरीर कमावण्याची परंपरा आहे, मैदाने आहेत, शिकवणारेही आहेत. उणीव आहे ती वर्षभर चालणाऱ्या सामन्यांची. अकादमी निवडताना पालकांनी गणवेश आणि शुल्क यांच्याआधी एकच गोष्ट विचारावी : मुलाला वर्षात प्रत्यक्ष किती सामने खेळायला मिळतील? नेमका आकडा सांगता न येणाऱ्या ठिकाणी मुलाला घालू नये.

कागदपत्रांचे काम तेराव्या-चौदाव्या वर्षीच उरकून घ्यावे. आपल्याकडे शाळेच्या नोंदीत आडनाव आधी, मग नाव आणि वडिलांचे नाव असा क्रम असतो, आधारकार्डावर तो बदलतो आणि पारपत्राच्या अर्जात नाव व आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत भरावे लागते. त्यात एखादे अक्षर कुठे जास्त, कुठे कमी पडते. परदेशातील स्पर्धेसाठी निवड झाल्यावर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. तिन्ही कागद आज समोर ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून पाहावी, आणि फरक आढळल्यास पारपत्राचा अर्ज करण्यापूर्वी तो दुरुस्त करून घ्यावा.