चष्म्याची टायटॅनियमची फ्रेम रंगवताय?

काळी किंवा लालभडक फ्रेम मनात असेल तर अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे धातू द्रावणात बुडवून विजेने रंग आणण्याचा, नाद सोडा, ते रंग यातून मिळत नाहीत. इथे रंगद्रव्य नसतंच. धातूवर ऑक्साइडचा पारदर्शक थर वाढतो, त्याच्या जाडीवर रंग ठरतो आणि जाडी ठरते व्होल्टेजवर. साधारण 30 व्होल्टला निळा, 60 च्या आसपास सोनेरी, पुढे गुलाबी-जांभळा, 100 च्या जवळपास हिरवा. व्होल्टेज नेहमी खालून वर न्या. थर वाढवता येतो, व्होल्टेज उतरवून मागे येता येत नाही. मग तो काढून पुन्हा श्रीगणेशा.

काचा, नाकाच्या गाद्या, स्टीलचे स्क्रू आधी काढा. काड्या बऱ्याचदा वेगळ्या मिश्रधातूच्या असतात, त्यामुळे त्याच व्होल्टेजला छटा जरा निराळी येते. मला तो फरक आवडतो, पण तुम्हाला एकसारखा रंग हवा असेल तर काड्या स्वतंत्र करा.

खरी मेहनत सफाईत आहे. बोटाचा ठसा राहिला की रंगातही तो ठसा दिसतोच. धुतल्यावर पाणी थेंब न धरता सलग पसरलं, तरच पुढे जा. तयार फ्रेम मळकट दिसली तर घाबरू नका, बहुतेक वेळा हाताचं तेल असतं, साबणाने जातं. ओरखडा मात्र कायमचा.

आणि हो, 100 व्होल्ट डीसी म्हणजे गंमत नाही. रबरी हातमोजे घाला, पुरवठा बंद केल्याशिवाय द्रावणात हात घालू नका. थर काढायला वापरतात ते हायड्रोफ्लोरिक आम्ल तर घरात आणूच नका.