इम्प्लांटची जोडणी जुन्या पद्धतीची असेल तर तो काढून नवा बसवावा का?

तुम्ही लिहिलंय की दाढेच्या इम्प्लांटवरचा दात वर्षभरात दोनदा हलला, डॉक्टरांनी 'जुनी एक्स्टर्नल हेक्स (बाहेर षटकोन असलेली) जोडणी आहे, आता कोनिकल (शंकूच्या आकाराची) वापरतात' असं सांगितलं, आणि आता इम्प्लांटच बदलावा की काय असा तुम्हाला प्रश्न पडलाय. मी कृत्रिम दात बसवण्याचं काम करतो. इम्प्लांट हाडात घट्ट असेल आणि हलतोय तो फक्त वरचा दात असेल, तर इम्प्लांट काढू नका.

तुमच्या तोंडात तीन भाग आहेत: हाडातला टायटॅनियमचा इम्प्लांट, त्यावरचं अबटमेंट, म्हणजे दाताला आधार देणारा मधला जोडभाग, आणि अबटमेंटवरचा दात. पहिले दोन एका बारीक स्क्रूने जोडलेले असतात. सगळा प्रश्न या सांध्याचा आहे.

स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क या संशोधकांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. त्यांच्या इम्प्लांटच्या डोक्यावर फक्त 0.7 मिलिमीटर उंचीचा षटकोन होता. तो मुळात पाना लावण्यासाठी होता, इम्प्लांट हाडात फिरवून बसवता यावा म्हणून. दात धरून ठेवणं हे त्याचं कामच नव्हतं. तेव्हाचे रुग्ण संपूर्ण दात गेलेले असायचे. पाच-सहा इम्प्लांट एकाच सांगाड्याने बांधले जायचे, त्यामुळे एकटा इम्प्लांट स्वतःभोवती फिरायचा प्रश्नच येत नसे. पुढे एकेका दातासाठी इम्प्लांट वापरायला लागले आणि तोच बुटका षटकोन दात फिरू न देण्याच्या कामाला जुंपला गेला. तुमची तक्रार नेमकी इथून येते.

स्क्रू आवळला की तो किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा अबटमेंटला इम्प्लांटवर दाबून धरतो. आपण चावताना जोर सरळ खालीच येतो असं नाही, बाजूनेही येतो. त्या जोराने सांधा एका बाजूला उघडू पाहतो. आधाराला षटकोनाची भिंत जेमतेम 0.7 मिलिमीटर, म्हणून जवळजवळ सगळा भार स्क्रूवर पडतो. असं हजारो वेळा झालं की ताण उतरतो आणि स्क्रू ढिला होतो.

यावर उपाय म्हणून 1980 च्या दशकात निझनिक या दंतवैद्यांनी षटकोन इम्प्लांटच्या आत नेला. खोली वाढली, भिंतींचा आधार मिळाला. पण अरुंद इम्प्लांटमध्ये आत खोबण केली की कडेची भिंत पातळ होते आणि ती तडकू शकते, हा त्याचा तोटा.

शंकूची कल्पना मला सगळ्यांत सुंदर वाटते. ती दातांच्या जगातली नाहीच, कारखान्यातली आहे. ड्रिल मशीनमध्ये बिट घट्ट बसावा म्हणून वापरतात तो मोर्स टेपर नावाचा शंकू 1860 च्या दशकातला आहे. स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले की ओढूनही निघत नाहीत, तोच हा प्रकार. इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्यांपैकी स्ट्रॉमनने 8 अंशांचा शंकू घेतला, अॅस्ट्रा टेकने 11 अंशांचा. बायकॉनने तर 1.5 अंशाचा घेऊन स्क्रूच काढून टाकला, तिथे अबटमेंट ठोकून बसवतात. शंकूत बाजूचा जोर भिंती घेतात आणि स्क्रूवरचा भार हलका होतो. सांध्याची फटही बारीक राहते, त्यामुळे जंतूंना आत जायला वाव कमी मिळतो, पण पूर्ण बंद होत नाही. अडचण अशी की आवळताना अबटमेंट थोडं खाली सरकतं, त्यामुळे लॅबमधली उंची आणि तोंडातली उंची जुळवताना जपावं लागतं.

हाडाच्या बाबतीतला एक शोध तर सामान अपुरं होतं म्हणून लागला. 1991 च्या सुमारास 5 आणि 6 मिलिमीटरचे रुंद इम्प्लांट आले, पण त्यांच्या मापाची अबटमेंट्स नव्हती. डॉक्टरांनी हाताशी असलेली 4.1 मिलिमीटरचीच लावली. काही वर्षांनी एक्स-रेमध्ये दिसलं की अशा इम्प्लांटभोवती हाड कमी झिजलंय. सांध्याची फट कडेपासून आत सरकली होती आणि हाडापासून लांब गेली होती. लाझारा आणि पोर्टर या संशोधकांनी 2006 मध्ये हे मांडलं, आणि त्यानंतर अबटमेंट मुद्दाम अरुंद ठेवायला लागले.

आता तुमचं. एक्स्टर्नल हेक्सवर वर्षानुवर्षं नीट चाललेले दात मी पाहतो. डॉक्टरांना सांगून जुना स्क्रू टाकून त्याच कंपनीचा नवा लावून घ्या, आणि तो हाताच्या अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने), कंपनीने दिलेल्या आकड्यावर. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा आवळावा, कारण पृष्ठभाग एकमेकांत बसले की ताण थोडा उतरतो. अबटमेंट पूर्ण खाली बसलंय का हे एक्स-रेत बघावं आणि तो दात इतरांपेक्षा उंच लागतोय का हेही तपासावं. दोनदा हललाय म्हणजे मला या शेवटच्या गोष्टीचा सगळ्यांत जास्त संशय आहे.

तोवर त्या बाजूने चावू नका. माझ्या एका रुग्णाने हलता दात काही महिने तसाच वापरला, शेवटी स्क्रू आत तुटला आणि षटकोनाचे कोपरे गोल झाले. तुकडा काढायला दोन बैठका लागल्या. आणि इम्प्लांटची कंपनी, व्यास आणि जोडणीचा प्रकार लिहून घेऊन स्वतःजवळ ठेवा. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर योग्य स्क्रू शोधताना ते सगळ्यांत आधी हेच विचारतील.