ढिगाखालचा साप

प्रश्न: थंडी सरत आली म्हणून शेतघरामागचा लाकडांचा नि पालापाचोळ्याचा ढीग उपसायला घेतला तर खाली साप वेटोळं घालून बसलेला, हलेना पण. मेला असेल का? ढीग सरळ पेटवून टाकू?

उत्तर: पेटवू नका हो! आणि मेलाय असं धरून तर अजिबात चालू नका, सापाला आपल्यासारखी अंगात ऊब तयार करता येत नाही त्यामुळे गारठ्यात तो असा सुस्त पडतो, ऊन लागलं की हलायला लागतो, आणि डिवचला तर गारठलेला असूनही चावू शकतो. विषारी का बिनविषारी हे ओळखायच्या फंदात पडू नका, लांब व्हा, पोरांना नि कुत्र्याला आत ठेवा, नाहीच गेला तर जाणकाराला बोलवा. (मला विचाराल तर राहू दे, उंदीर तरी कमी होतील.)

ढिगाची घाई नको, त्याच पाल्यात बेडूक आणि पोकळ काड्यांत एकट्या राहणाऱ्या मधमाश्या हिवाळा काढतात. दिवसा तापमान १० अंश सेल्सियसच्या वर टिकायला लागलं की मग लांब दांड्याच्या दाताळ्यानं वरून थोडं थोडं काढा. तोवर फळझाडांची छाटणी उरका, कळ्या फुटायच्या आत, फक्त घरटं असलेली फांदी तेवढी सोडा.