टिव्होलीचा (आयबीएमचं बॅकअप सॉफ्टवेअर, आता नाव स्टोरेज प्रोटेक्ट) क्लायंट युनिक्सवर लावताना
अरे, आधी एक समजून घे, युनिक्सवर सेटिंगच्या फायली दोन असतात. डीएसएम डॉट सिसमध्ये सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (नेहमीचा १५००) आणि नोडचं (म्हणजे सर्व्हरवर या मशीनचं) नाव जातं, ती फाइल रूटच्या (मुख्य अॅडमिन युजरच्या) ताब्यात. डीएसएम डॉट ऑप्टमध्ये सर्व्हरनेम लिहिलंस तरी भागतं, फक्त ते दोन्ही फायलींत सारखं पाहिजे, नवीन लोक इथेच अडकतात.

पासवर्ड-अॅक्सेस हा पर्याय जनरेट ठेव आणि रूटने एकदा क्लायंट चालवून पासवर्ड टाक, मग तो साठवून ठेवतो, नाहीतर रात्रीचा बॅकअप पासवर्डची वाट बघत बसेल.

खरी गंमत इन्क्लूड-एक्सक्लूडची, म्हणजे बॅकअपमध्ये काय घ्यायचं आणि काय वगळायचं त्या यादीची. यादी खालून वर वाचली जाते आणि जी ओळ आधी जुळली ती लागू. मी एकदा घाईत मोठ्ठा एक्सक्लूड सगळ्यात खाली टाकला, वरचे सगळे इन्क्लूड फुकट गेले आणि आठवडाभर कळलंच नाही! आणि एक्सक्लूड डॉट डिरने डिरेक्टरी वगळलीस तर तिच्या आतलं काहीच इन्क्लूड होत नाही, ओळ कुठेही असो.

बदल केल्यावर क्लायंटमध्ये क्वेरी इन्क्लएक्सक्ल ही कमांड चालवून यादी डोळ्याखालून घाल, शेड्युलर (ठरल्या वेळी बॅकअप चालवणारा प्रोग्राम) रिस्टार्ट कर, आणि एखादी फाइल दुसऱ्या जागी रिस्टोर करून बघ.