वाचक विचारतात : मालवणात परवडणारी खोली कशी मिळेल?

गणपती उठले की आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीविषयीची पत्रे येऊ लागतात आणि त्यांतली निम्मी तरी कोकणात राहण्याच्या खर्चाविषयी असतात. या अंकासाठी त्यांतली तीन निवडली आहेत. पहिल्या पत्रातली अडचण सांगली-साताऱ्याकडच्या पुष्कळ घरांची असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही सहाजण आहोत : मी, माझे यजमान, नऊ आणि अकरा वर्षांच्या दोन मुली, ७६ वर्षांचे सासरे आणि ७० वर्षांच्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला चार रात्री राहण्याचा विचार आहे. स्वतःची गाडी नसल्याने एसटीनेच जाऊ. तारकर्लीच्या किनाऱ्यावरच्या दोन ठिकाणी चौकशी केली, तेव्हा एका खोलीचे एका रात्रीचे साडेचार हजार रुपये सांगण्यात आले, आणि आम्हाला खोल्या दोन लागतील. राहण्यासाठी आम्ही १४ हजार रुपये बाजूला काढले आहेत. सासरे माळकरी असल्यामुळे जेवणाचीही काळजी आहे. एवढ्यात जमेल, की बेत पुढच्या वर्षावर टाकावा?
— एक शिक्षिका, मिरज

उत्तर : बेत पुढे ढकलण्याचे कारण नाही. १४ हजारांत चार रात्री म्हणजे दिवसाला साडेतीन हजार रुपये होतात, आणि दोन साध्या खोल्यांसाठी ही रक्कम मालवणात अगदीच तोकडी नाही. मात्र दिवाळीतले ऐन दिवस आणि तारकर्लीचा ऐन किनारा या दोन्ही गोष्टी एवढ्या पैशांत एकत्र मिळणार नाहीत, म्हणून दोन्हींचा आग्रह थोडा थोडा सोडावा, असे आम्ही सुचवतो.

आधी तारखा पाहू. लक्ष्मीपूजन झाल्यापासून भाऊबीजेनंतरच्या रविवारपर्यंत मुंबई, पुणे आणि कोल्हापूर या तिन्ही बाजूंनी मालवणात गर्दी लोटते, आणि आपल्याला सांगितलेला दर हा त्याच दिवसांचा असणार. आपण शाळेत आहात, हा येथे मोठाच फायदा आहे, कारण शाळांची सुट्टी भाऊबीजेनंतरही काही दिवस चालू असते आणि नोकरदार मंडळींना मात्र सोमवारी कामावर हजर व्हावे लागते. यजमानांना रजा मिळत असेल, तर रविवारी दुपारी मालवणात पोहोचून गुरुवारी सकाळी निघावे. चार रात्री पुऱ्या होतात आणि शनिवार मध्ये येत नाही. रविवारी सकाळी खोल्या रिकाम्या होऊ लागल्या, की मालकाला पुढचे चार दिवस भरण्याची काळजी असते. अशा वेळी सलग चार रात्री आणि दोन खोल्या घेणाऱ्या कुटुंबाशी तो दराबाबत बोलायला तयार होतो. एका रात्रीसाठी येणाऱ्याशी तो तसा बोलत नाही.

आता ठिकाणाकडे वळू. मालवण शहरापासून तारकर्लीची पुळण सहा-सात किलोमीटरवर आहे, मधल्या वाटेवर वायरी लागते, आणि तारकर्लीच्या पुढे कर्ली नदी व समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर देवबाग वसले आहे. या सगळ्या टापूत खोलीचा दर बऱ्याच अंशी ती पाण्यापासून किती पावलांवर आहे यावर ठरतो. ज्या घरातून लाटा दिसतात त्याचे पैसे वेगळे, आणि रस्ता ओलांडून वाडीत आत, माडांच्या आड असलेल्या घराचे वेगळे. खोलीतून समुद्र दिसण्यासाठी जादा पैसे मोजण्यात आम्हाला फारसा अर्थ दिसत नाही. दिवसभर माणसे किनाऱ्यावर असतात आणि रात्री खिडकीबाहेर काळोखच असतो.

आपल्याजवळ वाहन नाही, ही बाब तर आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. रिक्षात तिघेच बसतात, म्हणजे सहाजणांना प्रत्येक फेरीला दोन रिक्षा लागतील. तारकर्लीत मुक्काम केल्यास किल्ल्याला, बाजाराला, औषधाच्या दुकानाला जाताना दर वेळी हा दुहेरी खर्च येईल आणि खोलीत वाचलेले पैसे तिथे निघून जातील. याउलट मालवण शहरात एसटी स्थानक, बाजारपेठ, खानावळी आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांचा धक्का एकमेकांपासून फार लांब नाहीत, आणि चिवल्याचा किनारा शहरातच असल्यामुळे सासू-सासऱ्यांना संध्याकाळी तिथे निवांत बसता येईल. म्हणून मुक्काम शहरात, शक्यतो चिवल्याच्या बाजूला ठेवावा आणि एक पूर्ण दिवस तारकर्ली-देवबागसाठी राखावा. कुडाळ किंवा कणकवलीच्या महामार्गावरच्या लॉजमध्ये खोली स्वस्त मिळते, असेही आपल्याला कोणी सुचवील. पण तिथून समुद्र गाठायला रोज जाऊन-येऊन निदान पन्नास-साठ किलोमीटरचा प्रवास होतो, त्यामुळे सहाजणांच्या कुटुंबाने त्या फंदात पडू नये.

सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आज मालवणच्या किनाऱ्यावर घराला लागून दोन-चार खोल्या काढून पाहुणे ठेवणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना अशाच घरांसाठी आहे. घर त्या योजनेत नोंदलेले आहे का, हे विचारून घ्यावे. पर्यटन विकास महामंडळाचे स्वतःचे निवासस्थान तारकर्लीच्या किनाऱ्यावरच आहे आणि त्याचे दर जाहीर असतात, पण दिवाळीतल्या तारखा तिथे फार आधी भरतात, त्यामुळे त्यावर विसंबून न राहता घरगुती निवासाचाच शोध घ्यावा.

फोनवर बोलताना नुसता “खोलीचे किती?” असा प्रश्न केल्यास मिळणारे उत्तर अपुरे असते. आपल्या घरात दोन वृद्ध आहेत, तेव्हा खोली तळमजल्यावर आहे का, संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे का आणि तिथे कमोड आहे का, हे आधी विचारावे आणि मग दरावर यावे. त्यानंतर दोन मुलींसाठी जादा गादीचे पैसे किती, सकाळचे गरम पाणी आणि चहा दरात धरला आहे का, आणि खोली किती वाजता सोडायची, हे विचारावे. काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब असतो, तर काही ठिकाणी सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते. रात्रीच्या गाडीने पहाटे पोहोचणाऱ्यांना अनेकदा अर्ध्या दिवसाचे भाडे भरावे लागते ते यामुळेच. आपण कोल्हापूरहून सकाळची गाडी धरावी, म्हणजे हा प्रश्न येत नाही आणि घाटही उजेडात पार होतो. वातानुकूलित खोलीचा आग्रह आपण धरू नये. दिवाळीनंतर किनाऱ्यावरच्या रात्री पंख्यावर भागतात, आणि दरातला फरक मात्र मोठा असतो.

कराविषयीही स्पष्ट विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे. त्यापूर्वी तो बारा टक्के होता. कोणी जुन्या दराने आकारणी करीत असेल, तर ती मान्य करू नये. ज्या घरमालकाची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, त्याला बिलात जीएसटी लावताच येत नाही. मात्र तीच खोली आपण मोबाइलवरच्या एखाद्या बुकिंग अ‍ॅपवरून घेतली, तर तो कर अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला भरावा लागतो आणि तो आपल्याकडून वसूल होतो. शिवाय मालकाला त्या कंपनीला कमिशनही द्यावे लागते. द्राक्षाचा भाव बागेत एक आणि बाजारात दुसरा, हे आपल्या भागाला नव्याने सांगायला नको. खोलीचेही तसेच आहे. अ‍ॅपवर घर पाहावे, तिथले अभिप्राय, विशेषतः नाराज माणसांचे, नीट वाचावेत, आणि मग मालकाशी थेट बोलून दर विचारावा.

आगाऊ पैसे भरताना मात्र सावध राहावे. प्रसिद्ध ठिकाणांच्या नावाने बनावट पाने आणि बनावट फोन क्रमांक इंटरनेटवर असतात, आणि पूर्ण रक्कम लगेच भरल्यास मोठी सूट देऊ, असे आमिष दाखवले जाते. मालकाला व्हिडिओ कॉलवर खोली आणि अंगण दाखवायला सांगावे. ज्याच्याकडे खरोखर खोली आहे, त्याला यात अडचण नसते. पैसे पाठवताना पडद्यावर दिसणारे खातेदाराचे नाव मालकाचेच आहे ना, हे पाहावे, एका रात्रीच्या भाड्याहून जास्त रक्कम आधी देऊ नये, आणि तारखा, खोल्यांची संख्या, ठरलेला एकूण आकडा व बेत रद्द झाल्यास किती पैसे परत मिळणार, हे सारे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावे. पैसे परत करण्यासाठी कोड स्कॅन करून पिन टाका, असे कोणी म्हटले, तर तो फसवणुकीचाच प्रकार समजावा, कारण पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

सासऱ्यांच्या जेवणाविषयी काळजी नसावी, पण गृहीतही धरू नये. मालवणात पाहुणा मासे खायला येतो, अशीच बहुतेकांची समजूत असते. मात्र काळ्या वाटाण्याचे सांबार, घावन, सोलकढी, आंबोळी ही तिथल्या घरांतली रोजची शाकाहारी पानेच आहेत, आणि घरगुती निवासात ती सांगून करवून घेता येतात. माळकरी माणूस सोबत असल्याचे खोली ठरवतानाच सांगावे आणि भांडी वेगळी ठेवता येतील का, हे संकोच न करता विचारावे. ज्या घरातून टाळाटाळीचे उत्तर येईल, ते सोडून द्यावे. माशाच्या ताटाचा दर माशागणिक बदलतो, सुरमई आणि पापलेट महाग, बांगडा स्वस्त. म्हणून जेवणाचा आकडा खोलीच्या दरात एकत्र न घेता ताटागणिक ठरवावा, नाहीतर सासऱ्यांच्या ताटासाठीही सुरमईचे पैसे दिल्यासारखे होईल.

शेवटी प्रवासाचा हिशेब, कारण तिथे आपले पैसे वाचणार आहेत. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पडते. म्हणजे सासरे विनामूल्य, आपण, सासूबाई आणि दोन्ही मुली मिळून चार अर्धी तिकिटे, आणि यजमानांचे एक पूर्ण. सहाजणांचा प्रवास तीन पूर्ण तिकिटांत होतो. सासरे व सासूबाईंची आधार कार्डे जवळ असू द्यावीत. वाचलेल्या पैशांत तारकर्लीच्या दिवसासाठी दोन रिक्षा ठरवून घेता येतील.

प्रश्न : आम्ही चार मित्र मोटारसायकलींवरून गणपतीपुळ्याला जाणार आहोत. आधी काहीही न ठरवता तिथे जाऊन खोली शोधली, तर स्वस्त मिळते, असे ऐकतो. ते खरे आहे का? भक्तनिवासात राहावे का?
— एक विद्यार्थी, कऱ्हाड

उत्तर : सोमवार ते गुरुवार, सुट्टी नसलेल्या दिवसांत गेलात, तर ते बऱ्याच अंशी खरे आहे, शनिवार-रविवारी, अंगारकीला किंवा माघी गणेशोत्सवात अजिबात नाही. निघण्यापूर्वी पंचांग जरूर पाहावे. कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणमार्गे जाणार असाल, तर पहाटे निघून दुपारपर्यंत पोहोचावे, कारण अंधार पडल्यावर खोली शोधणाऱ्याच्या हातात घासाघीस करण्यासारखे काही उरत नाही. देवळाजवळच्या रस्त्यावर दर ऐकून लगेच होकार न देता शेजारच्या मालगुंडपर्यंत एक चक्कर मारावी. तिथे समुद्र तोच आणि गर्दी कमी आहे. देवस्थानचे भक्तनिवास स्वच्छ व माफक दराचे म्हणून कुटुंबांना सोयीचे आहे, पण ते देवस्थान आहे, तिथे मद्य-मांस चालत नाही. तुमचा बेत त्यात बसत नसेल, तर प्रामाणिकपणे दुसरीकडे राहावे. ओळखपत्र चौघांचेही लागते. आधारची प्रत देताना शेवटचे चार अंकच दिसणारी प्रत काढून न्यावी.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात फळछाटणी आणि त्यानंतर हंगाम संपेपर्यंत हलता येत नाही. पावसाळ्यात मालवणला खोल्या निम्म्या दरात मिळतात म्हणे. तेव्हा जावे का?
— एक शेतकरी, तासगाव

उत्तर : खोल्या स्वस्त मिळतात, पण त्या का स्वस्त असतात, हे समजून घेऊन जावे. मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, म्हणजे ताटात ताजी सुरमईही नसते. त्यातून श्रावण लागला, की अनेक घरांत मासळी शिजतच नाही. नुसता पाऊस आणि खवळलेला समुद्र पाहायचा असेल, तर जुलै उत्तम. होड्या सुरू झालेल्या हव्या असतील आणि छाटणीपूर्वी परतायचे असेल, तर गणेशोत्सव संपल्यावरचे पितृपक्षाचे दिवस आपल्याला सर्वांत सोयीचे पडतील. गणपतीत मात्र जाऊ नये. त्या दिवसांत घरगुती निवासाच्या खोल्यांत मालकांचीच मुंबईहून आलेली माणसे असतात.